नाव लिहिलेल्या पुड्या

एक अत्यंत गंभीर बाब मी आज जाहीर करतो आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी ती उभं राहून वाचावी. माझ्या डोक्यातले सतरा केस एका इसमाने, मुळासकट, मी पूर्ण शुद्धीवर असताना उपटून नेले असून ते आजतागायत परत केलेले नाहीत. प्रत्येक केस वेगळ्या कागदी पुडीत बंद आहे. प्रत्येक पुडीवर माझं नाव आणि पुढे 'मराठी, साधा' असा शेरा आहे. माझ्यावर आयुष्यात बरीच टीका झाली, पण इतक्या थोडक्यात कुणी केली नाही.

हा इसम म्हणजे आमचे जीवशास्त्राचे सर.

शाळा होती लाखांदूर तालुक्यात, दिघोरीहून आणखी आत. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांना माझा पत्ता माहीत आहे. पाचवीपासून बारावीपर्यंत वर्ग, चहूबाजूंनी धानाची बांधी, मागे तलाव. मी मराठी शिकवायला रुजू झालो त्या सकाळी शिक्षकांच्या खोलीत एक बुटका, गोल माणूस खिडकीपाशी उभा होता. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, यांच्या खिशात चिमटा होता. मी नमस्कारासाठी हात जोडले. त्यांनी माझ्या जोडलेल्या हातांवरून हात पुढे आणला, चिमट्याने एक केस उपटला, उजेडात धरला आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "वा! मूळ चांगलं हाय. या, बसा."

मी बसलो. डोळ्यांत पाणी होतं. नोकरी नवी होती.

सर मूळचे भंडाऱ्याचे. घरी पितळी भांड्यांचं दुकान. त्यांचा आवाज त्या दुकानातूनच आला होता. हळू बोलले तरी वाटायचं कुणीतरी घागर पाडली. दुकानावर न बसता हे शिकायला पळाले आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेत काही वर्षं एकाच प्रथिनामागे लागले. त्या प्रथिनाचं नाव रॅब सत्तावीस. लोक पूर्वायुष्यातल्या प्रेमाबद्दल बोलतात त्या सुरात सर रॅब सत्तावीसबद्दल बोलायचे. "का सोडून आलात मग?" असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "तिथं काचेच्या ताटलीतल्या पेशी होत्या रे मराठी. बोलत नोहत्या." ते सगळ्यांना विषयाच्या नावानेच हाक मारत. इंग्रजीच्या मॅडमना 'काजी इंग्रजी' म्हणत (आमच्याकडे 'काजी' म्हणजे 'का हो') आणि भूगोलाच्या सरांना फक्त 'भू'.

आता हे प्रथिन करतं काय, हे मला सांगावंच लागेल, कारण सरांनी ते मला इतक्या वेळा सांगितलं आहे की न सांगितलं तर माझ्या पोटात दुखेल. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी सतत काहीतरी तयार करत असते. तयार झालेला माल बारीक बारीक पिशव्यांत भरला जातो. पुस्तकात त्याला पुटिका म्हणतात, सर पुडी म्हणत. ही पुडी जिथे तयार झाली तिथे पडून राहिली तर काही उपयोग नाही. ती पेशीच्या काठापर्यंत गेली पाहिजे, बाहेर पडली पाहिजे. पुडी ओढून नेणारी, धरून ठेवणारी, कुठे जायचं ते दाखवणारी अशी वेगवेगळी प्रथिनं असतात, आणि रॅब सत्तावीस त्यातलंच एक. "माल बनला म्हणून खुश नोका होऊ," सर दर वर्षी अकरावीच्या पहिल्या तासाला गरजत, "पोचला का? ते सांगा! पोचला का?" पहिल्या बाकावरचा एखादा पोरगा घाबरून "पोचला सर" म्हणायचा आणि मग त्याची चाळीस मिनिटं उलटतपासणी व्हायची.

सरांबरोबर एसटीने प्रवास करणं हा वेगळाच प्रकार होता. एकदा भंडाऱ्याहून परत येताना त्यांनी वाहकालाच धरलं.

"वाहकसाहेब, तुमी आता इथं उतरले त काय होईन?"

"मी कायले उतरू जी?"

"समजा."

"बस थांबन."

"इंजन हाय, डिझेल हाय, डायवर हाय, पाशिंजर हाय. मंग थांबन काहून?"

वाहकाने क्षणभर विचार केला. "घंटी कोन मारन?"

सर जागेवरून उठले, अख्ख्या बसकडे वळले आणि दोन्ही हात पसरून ओरडले, "ऐकलं का? घंटी कोन मारन!" मग लाखांदूर येईपर्यंत त्या बसमध्ये पेशीविज्ञान झालं. कुणी उतरू शकलं नाही, कारण वाहक स्वतः ऐकत होता. शेवटी टोपलीत कोंबडी घेऊन बसलेली एक म्हातारी म्हणाली, "मंग माह्या पेशीत बी घंट्या हायत काजी?"

"लाखो हायत, माय."

"तवाच. तवाच मले झोप येत नाई."

आता केसांकडे येतो. सर केस का उपटत? त्याला कारण होतं, आणि ते कारण अगदी साधं होतं. केसाचा काळा रंगही पेशीत पुड्यांमध्येच तयार होतो आणि पुड्यांतूनच केसात जातो. ही वाहतूक जन्मतःच बिघडलेली असेल तर रंग तयार होतो पण पोचत नाही. केस चांदीसारखे दिसतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या केसात रंगाचे वेडेवाकडे गठ्ठे पडलेले दिसतात. हे फार फार दुर्मीळ. सरांनी ते फक्त चित्रात पाहिलं होतं. आयुष्यात एकदा तरी खरा केस पाहायचा, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. कुणी काशीला जाईन म्हणतं, कुणी विमानात बसीन म्हणतं, तसं यांचं हे.

म्हणून अकरा वर्षं हा माणूस गावात चिमटा घेऊन फिरला. पानठेल्यावर, बारशाला, ग्रामसभेत. तेराव्याच्या पंगतीत मी त्यांना समोरच्या पाहुण्याच्या डोक्याकडे वाकताना पाहिलं आहे. दर वर्षी शाळेत 'केसाचा दिवस' व्हायचा. पोरं रांगेने येऊन केस देत आणि स्वतःचा केस दोरखंडाएवढा पाहून किंचाळत. सगळे केस मग पुड्यांत जात, पुडीवर नाव आणि शेरा. 'जाड', 'बारीक', 'पिकलेला', 'साधा'. माझे सतरा का, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तू जवळ बसतोस म्हणून."

एका पावसाळ्यानंतरच्या केसाच्या दिवशी मी वर्गात व्याकरण घेत होतो. सर दारात आले. आवाज न करता आले, तिथेच मला धडकी भरली. खूण करून त्यांनी मला प्रयोगशाळेत नेलं, सूक्ष्मदर्शकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "पाय."

मी डोळा लावला. केस काळा होता, पण मुळापाशी नखभर जागा वेगळी होती, जवळजवळ पारदर्शक, आणि तिच्यात काळी ढेकळं पडलेली. कुठे एक, कुठे तीन, मध्ये काहीच नाही.

"वरचा काळा रंग लावलेला हाय," सर म्हणाले. "खालचा खरा."

"म्हणजे सापडला?" मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "अकरा वर्षांनी! अहो, पेढे आणा!"

सर स्टुलावर बसले. चिमटा खिशात घालायला गेले तर तो दोनदा खाली पडला. "पाचवीतली मोनाली हाय," ते म्हणाले. "सुकरामची. नसता सापडला त बरं झालं असतं, मराठी."

ते असं का म्हणाले हे मला त्या संध्याकाळी कळलं. चांदीचे केस असणारी काही मुलं नुसत्या चांदीच्या केसांची असतात, शंभर वर्षं जगतात. पण काहींच्या बाबतीत तोच बिघाड रक्तातल्या सैनिक पेशींतही असतो. त्यांच्याकडे दारूगोळ्याच्या पुड्या असतात, पण त्या सुटत नाहीत. मग एखादा साधा ताप असा भडकतो की पोर हातची जाते. मोनालीला त्या पावसाळ्यात तीनदा ताप आला होता. आमच्या भागात पावसाळ्यात कुणाला ताप येत नाही? पण सरांनी तीन हा आकडा वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

सुकराम हा मोनालीचा बाप. हंगामात धान खरेदी केंद्रावर हमाली करायचा, आणि दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की दंडारीत बाईचा पार्ट करायचा. दंडार म्हणजे आमच्याकडचं नाचगाण्याचं नाटक, मंडईच्या दिवशी भरदुपारी चालणारं. सहा फूट उंच, पोत्यांनी रुंद झालेले खांदे, आणि लुगडं नेसून उभा राहिला की बायका आपला पदर सारखा करत. दंडारीच्या रंगपेटीतला काळा रंग तो पोरीच्या डोक्याला लावायचा, ती दोन वर्षांची असल्यापासून, दर आठ दिवसांनी. लोकांच्या तोंडी विषय नको म्हणून. नवराबायको सोडून कुणाला माहीत नव्हतं.

अशा माणसाच्या घरी, आईबापाच्या केसातही तेच आहे का ते पाहायला, सर दिवेलागणीला पोचले आणि दारातूनच म्हणाले, "तुमा दोघायचे केस पाहिजेत. मुळासकट." सुकराम घरी नव्हता. त्याच्या बायकोने भीतीने एक केस दिला, खुंटीवरच्या फणीतून सुकरामचा एक सरांनी स्वतःच काढला, दोन्ही पुड्यांत बांधले, वर नावं लिहिली आणि घाईने निघून आले.

आता तुम्हीच सांगा. संध्याकाळची वेळ, घरच्या माणसांचे केस, कागदाची पुडी, वर नाव. आमच्या गावात याचा अर्थ एकच होतो.

सकाळी शाळेच्या फाटकात पन्नास-साठ माणसं होती. पुढे सुकराम, बाजूला सरपंचबाई. कुणीतरी ओरडलं, "करणी करून राहिला मास्तर! पोरीवर करणी!" मी दार लावायला धावलो, तर सर माझ्या काखेखालून बाहेर आले आणि म्हणाले, "काहून उभे हाय? अंदर या ना."

लोक आत आले. कुणीतरी प्रयोगशाळेतलं लोखंडी कपाट उघडलं आणि पुढची माणसं दोन पावलं मागे सरली. वरपासून खालपर्यंत पुड्या. अकरा वर्षांच्या. अख्ख्या गावाचं डोकं त्या कपाटात होतं, नावानिशी. मेलेल्यांचंही होतं. मला वाटलं, आता सर संपले. आणि माझ्या नावाच्या सतरा पाहता बहुतेक मीही.

सरपंचबाईंनी आपलं नाव शोधलं. पुडी सापडली. त्यांनी शेरा वाचला आणि पुडी झटकन मुठीत दाबली. पण मागे उभ्या असलेल्या त्यांच्या जाऊबाईंची नजर तेज होती.

"रंगवलेला!" जाऊबाई ओरडल्या. "माय वो! रंगवलेला लिहून हाय! अना मले सांगते का आवळ्याच्या तेलानं काळे हायत!"

हशा फुटला तो असा की खिडक्या वाजल्या. मग काय, करणी बाजूला राहिली आणि जो तो दुसऱ्याची पुडी शोधू लागला. पोलीस पाटलांच्या पुडीवर 'टोप, दोरा निघाला' असं होतं. ते त्यानंतर महिनाभर फेटा बांधून हिंडत होते.

हसला नाही तो फक्त सुकराम. तो सरांच्या समोर उभा होता, मुठी आवळून. "हासा," तो म्हणाला. "माह्या पोरीचा केस काहून नेला ते सांगा पयले."

सरांनी त्याचा हात धरला, सूक्ष्मदर्शकापाशी नेला आणि बाकीच्यांना बाहेर काढलं. मी राहिलो, कारण मला काढायचं ते विसरले. सुकराम वाकला. बराच वेळ पाहत राहिला.

"हे त खरेदी केंद्रासारखं दिसून राहिलं," तो हळूच म्हणाला. "उचल नाई झाली का धानाचे बोरे असेच पडून रायते."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी पुढे कधी पाहिलं नाही. इतकी वर्षं शिकवून अकरावीतल्या एकालाही जे दिसलं नव्हतं ते एका हमालाने एका नजरेत सांगितलं होतं. मग सर सांगत सुटले. काठापर्यंत बोरा, म्हणजे पोतं, वाहून नेतो तो हमाल. बोऱ्यावर लागते ती चिठ्ठी, तीच माझी रॅब सत्तावीस. चिठ्ठी पाहून हमालाला बोऱ्याशी जोडून देतो तो मुकादम. तिघांपैकी एक नसला की केस पांढरे. हमाल नसता तर पोरीला चालण्याबोलण्यातच त्रास झाला असता, पण पोरगी तर जांभळीवर चढते. तेव्हा हमाल ठीक. उरले दोन. मुकादम बिघडला तर फक्त केस पांढरे, बाकी पोरगी ठणठणीत. पण चिठ्ठीच बिघडली असेल तर…

"नाई समजत मले," सुकराम म्हणाला. "तुमी भराभर बोलता जी. मी शिकेल नाई. माहं असं हाय, ज्याचा पार्ट करतो तेच मले समजते."

"त मंग पार्ट कर."

"कायचा?"

"दंडार बसवू," सर म्हणाले. "पेशीची. मराठी गाणे लिहीन."

मराठी म्हणजे मी. माझं मत कुणी विचारलं नाही.

शाळेच्या व्हरांड्यात तालीम सुरू झाली. आमचा शिपाई अंगापिंडाने दांडगा, तो हमाल. मी मुकादम. मला शिट्टी मिळाली होती, तीवर मी खूश होतो. सर स्वतः केंद्रक, म्हणजे पेशीच्या मध्यभागी बसून हुकूम सोडणारं. त्यांनी टेबलावर खुर्ची ठेवून घेतली आणि डोक्यावर बांबूची टोपली. सुकरामने साहजिकच मोठा पार्ट मागितला. "चिठ्ठी बाई हाय ना? मंग मीच करीन." लुगडं नेसून, कोंडा भरलेल्या पोत्याला लडिवाळपणे चिकटून तो असा ठुमकला की शिपायाला पोतं उचलायचं भान राहिलं नाही.

सर टाळ्या वाजवून सांगत: "आता मुकादम गायब!" मी खांबामागे जायचो. काळ्या रंगाचं पोतं जागेवर पडायचं. पण व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला सैनिकांचं पोतं होतं, लाल कपड्याचं, तिथला मुकादम वेगळा होता. सुकराम ठुमकत तिकडे जायचा, चिकटायचा, आणि ते पोतं सुटायचं. "पायलं? रंग अडला, लढाई नाई अडली!"

हे चार-पाचदा झालं. मग सर म्हणाले, "आता चिठ्ठी गायब. सुकराम, तू बाजूले बस."

सुकराम पायरीवर बसला. आम्ही बाकीचे उभे. मी शिट्टी फुंकली, पण कुणाला जोडू? शिपाई पोत्याकडे पाहत राहिला. काळं पोतं पडून. तिकडे लाल पोतंही पडून. ढोलकीवाला थांबला. सुकराम पायरीवरून आळीपाळीने दोन्ही पोत्यांकडे पाहत होता. मग त्याने वाकून पायातले चाळ सोडले, एक, मग दुसरा, आणि नीट बाजूला ठेवले.

"नागपूरची पयली एसटी कितीले हाय जी?" त्याने विचारलं.

नागपूरला सरांच्या बरोबर शिकलेल्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सरांना पाहताच आधी केसांवर हात ठेवला, यावरून ओळख जुनी असल्याचं मी ताडलं. मोनालीला त्यांनी तपासलं, रक्त घेतलं. साधे तपास चांगले आले, पण जनुकाचा रिपोर्ट आल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, त्याला काही आठवडे लागतील, तोवर ताप आला की लगेच घेऊन या, आणि डोक्याला तो रंग लावू नका, असं त्या म्हणाल्या. सुकरामने विचारलं, चिठ्ठीच खराब निघाली तर? दुसऱ्या कुणाची जुळणारी हाडातली मज्जा घालावी लागते, मोठा उपचार असतो, त्या म्हणाल्या. सुकरामने तिथल्या तिथे शर्टाची बाही वर केली. "माही घ्या. आत्ता घ्या. एसटी सुटाले टाइम हाय."

परतीच्या बसमध्ये सर एक शब्द बोलले नाहीत. वाहकाने दोनदा वळून पाहिलं.

पुढचे आठवडे मी कधी विसरणार नाही. सर रोज शाळा सुटल्यावर सुकरामच्या घरी जात आणि मोनालीच्या कपाळाला हात लावून येत. तिला वाटलं सरांना तिचं कपाळ आवडतं. "सर," ती एकदा म्हणाली, "केसाले हात नोका लावू, बस."

मंडईचा दिवस उजाडला. दुकानं, पाळणे, जिलेबीचा वास, आसपासच्या गावांतले पाहुणे. दुपारी पटांगणात आमची दंडार सुरू झाली. मोनाली पहिल्या रांगेत, डोक्यावर एक बोट चांदी चमकत असलेली, हातात जिलेबी. कुणी काही बोललं नाही. सगळ्या गावाचे शेरे त्या कपाटातून बाहेर पडून गेले होते. चिठ्ठीबाई हिरव्या लुगड्यात उतरली आणि पाळण्यातली पोरंसुद्धा खाली आली. माझं गाणं मी इथे देत नाही, पण त्याला दोन शिट्ट्या पडल्या, त्यातली एकच माझी होती.

आमच्या गावात फोनला नेटवर्क फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, येतं. पण टेबल, टेबलावर खुर्ची, खुर्चीवर सर, एवढ्या उंचीवर एक काडी आली असावी. नेमका मुकादम गायब व्हायचा प्रसंग, आणि केंद्रकाच्या खिशात फोन वाजला. "हॅलो! डॉक्टरबाई! हॅलो! रिपोर्ट काय? हॅलो!" फोन तुटला. केंद्रकाने टोपली फेकली, टेबलावरून उडी मारली आणि माणसं तुडवत तलावाकडे पळालं.

"केंद्रक कुठं चाललं बे?" कुणी ओरडलं.

"जिलेबी जास्त झाली वाटते!"

पटांगण हसत होतं. फक्त सुकरामला, शिपायाला आणि मला माहीत होतं. ढोलकी चालूच होती, म्हणून सुकराम नाचत राहिला. तीच गिरकी घेत राहिला, पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक गिरकीत त्याची मान पाळीकडे वळायची. पाळीवर सर एका जागी उभे होते, फोन कानाला, दुसरा हात डोक्यावर. मग तो हात खाली आला. मग सर वळले आणि धावू लागले.

सर आले ते एकाच पायात चप्पल घालून. कमरेवर हात, तोंडातून आवाज नाही, नुसता भाता. लोकांनी वाट करून दिली. ढोलकीवाला समजूतदार, तो थांबला. सुकराम लुगड्यात, चाळ बांधून, गालांवर लाली, तसाच उभा.

"चिठ्ठी…" सर म्हणाले. श्वास घेतला. "चिठ्ठी शाबूत हाय!"

लोकांना वाटलं, दंडारीतलंच आहे. टाळ्या पडल्या.

"सुकराम, चिठ्ठी शाबूत हाय! मुकादमच नाई! निस्ता मुकादम नाई!"

"अहो सर, मी इथंच आहे!" मी खांबामागून शिट्टीसकट बाहेर आलो. आजही मला त्याची शरम वाटते.

"तू नोहे बे!" सर ओरडले, आणि हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी मला घट्ट मिठी मारली. चिमटा माझ्या छातीत रुतला. "निस्ते केस पांढरे हायत! बाकी पोरगी ठणठणीत! माहा अंदाज चुकला रे मराठी, साफ चुकला!"

सुकराम स्टेजच्या मध्यभागी होता तिथेच मटकन खाली बसला. चाळ एकदा वाजले. त्याने पदर तोंडाला लावला. पहिल्या रांगेतून मोनाली जिलेबी टाकून धावली आणि त्याच्या मांडीवर चढली. लोकांना अजून काहीच कळलं नव्हतं. ढोलकीवाला हात उचलून वाट पाहत होता, आणि मागून पाहुण्यांतला कुणीतरी खेकसला, "काजी चिठ्ठीबाई, बसली काहून? नाच ना!"

सुकरामने पदर बाजूला केला. लाली गालांवरून हनुवटीपर्यंत ओघळली होती. पोरीला एका हाताने धरून, दुसरा हात सगळ्या मंडईला दाखवत तो ओरडला,

"थांबा ना बाप्पा! पयले मले रडू द्या, मंग नाचतो!"